एकोणीस नंबरची चमकी

“काढताल ते काढा, पर माज्या हातात वापस देताल ना?”

सोजरबाईंनी हे तिसऱ्यांदा विचारलं. ऑपरेशन थिएटरच्या दारात स्ट्रेचर थांबलेलं, आत भूल देणारे डॉक्टर घड्याळ बघत उभे, आणि या बाईंनी माझ्या ॲप्रनचा खिसा मुठीत धरून ठेवलेला.

“देणार मावशी. शब्द देते.”

“शब्द नगं. लेकराची आन घ्या.”

“लेकरू कुठाय मला? लग्नाला सात महिने झालेत फक्त.”

“मग त्यांची घ्या. शनवारी येत्यात त्यांची.”

आता शिकली-सवरलेली डॉक्टर बाई, थिएटरच्या दारात उभी राहून, नवऱ्याची शपथ घेते का? मी घेतली. मुकुंदाची शपथ, तुमची वस्तू तुमच्या हातात देईन. तेव्हा कुठे मूठ सुटली आणि स्ट्रेचर आत गेलं.

ही सत्त्याऐंशी सालच्या हिवाळ्यातली गोष्ट. मराठवाड्यातलं एक सरकारी हॉस्पिटल. नाव सांगत नाही, कारण तिथली दोन-तीन माणसं अजून मला दिवाळीचा फराळ पाठवतात, तो बंद व्हायला नको. मी तेव्हा सव्वीस वर्षांची, औषधशास्त्रात एम.डी. करत होते. मुकुंद लातूरला कॉलेजात फिजिक्स शिकवायचा. शनिवारी दुपारच्या एस.टी.ने यायचा आणि रविवारी संध्याकाळी परत जायचा. आठवड्यातले साडेपाच दिवस मी त्याची वाट बघायचे आणि उरलेला दीड दिवस हा आता जाणार म्हणून तोंड पाडून बसायचे. असा आमचा संसार.

माझा प्रबंध होता लघवी वाढवणाऱ्या एका नव्या गोळीवर. अंगात पाणी साठून पाय सुजतात, दम लागतो, अशा माणसांना ती द्यायची आणि जुन्या गोळीशी ताडून बघायची. तीस पेशंट, तीस प्लॅस्टिकचे कॅन. रोज सकाळी प्रत्येकाचं वजन करायचं, घोट्याचा घेर टेपने मोजायचा आणि चोवीस तासांची लघवी मापात ओतून वहीत लिहायची. हॉस्टेलातल्या मुली मला मूतमास्तरीण म्हणायच्या. मेसमध्ये माझ्याशेजारी बसायला कोणी तयार नसायचं.

सोजरबाई वाघचौरे माझ्या एकोणीस नंबरच्या पेशंट. वय बेचाळीस, दिसायच्या साठीच्या. आल्या तेव्हा पाय हत्तीसारखे, पोट टम्म आणि दम असा की रात्रभर खाटेवर बसून काढायच्या, उशीला टेकल्या की गुदमरायच्या. गेली कित्येक वर्षं खोकला होता. दोनदा क्षयाची इंजेक्शनं घेऊन झाली होती. नवरा नव्हता, मूलबाळ नव्हतं, भावाकडे राहायच्या.

पहिल्याच सकाळी मी टेप घेऊन त्यांच्या पायाशी वाकले, तर त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

“मालकानं घेतली का?”

“काय?”

“चमकी.”

माझा हात आपोआप नाकाकडे गेला. मुकुंदाच्या हौसेखातर मी लग्नानंतर नाक टोचून घेतलं होतं, आणि त्याने स्वतः सराफाकडे जाऊन एका पांढऱ्या खड्याची मळसूत्री चमकी आणली होती. ती घातलीही त्यानेच. जीभ बाहेर काढून, सुईत दोरा ओवावा तसा, अर्धा तास खटपट करत होता. त्या अर्ध्या तासात तो माझ्या इतक्या जवळ होता की अजून त्याच्या श्वासाला येणारा वेलदोड्याचा वास आठवतो.

“हो, यांनीच घेतली,” मी म्हटलं.

“ढिली हाय फिरकी. आवळून घ्या. पडली तर जीव जाईल तुमचा.”

त्यांच्या स्वतःच्या नाकात मात्र कडुलिंबाची एक बारीक काडी होती. कपाळ मोकळं, हात मोकळे, गळा मोकळा आणि नाकात काडी. भोक बुजू नये म्हणून बायका काडी घालतात हे मला ठाऊक होतं. पण ज्या बाईला आता नाकात काही घालायचंच नाही, तिने काडी कशासाठी जपलीय, हे विचारायला हवं होतं. माझं सगळं लक्ष कॅनवर.

गोळीने कमाल केली. चौथ्या दिवशी कॅन भरून वाहिला. “मुताची गोळी मोठी गुणाची बगा,” सोजरबाई शेजारणीला सांगायच्या, “नदी काढली माज्या अंगातून.” आठ दिवसांत सहा किलो वजन उतरलं, घोट्याची हाडं दिसायला लागली. नवव्या दिवशी त्या उशीवर डोकं टेकून सपाट झोपल्या. मी वॉर्डात सगळ्यांना दाखवत सुटले.

पण खोकला आणि दम काही जाईना. सूज उतरलेली बाई चार पावलं चालली की पुन्हा धापा. माझ्या आलेखात एकोणतीस रेघा एका दिशेला आणि एकोणीस नंबरची भलतीकडेच. माझे गाइड, डॉ. हिरेमठ सर, आलेख हातात घेऊन म्हणाले, “एकोणीस नंबरला वगळा. हिला दुसरं काहीतरी आहे.”

“काय आहे, सर?”

“ते शोधायला मेडिसिनवाले आहेत. तुम्ही प्रबंध लिहा.”

सर चुकीचं बोलत नव्हते, पण मला राग आला. मी वॉर्डात परत आले आणि सोजरबाईंच्या पाठीला स्टेथोस्कोप लावून बसले. आधी दोन्ही फुफ्फुसांत नुसता पाण्याचा खळखळाट असायचा, त्यात दुसरं काही ऐकू येणं शक्यच नव्हतं. आता पाणी आटलं होतं. विहीर आटली की तळाशी पडलेली घागर दिसते ना, तसं झालं. डावं फुफ्फुस स्वच्छ. उजव्या बाजूला, खाली, एकाच जागी, बारीक शीळ वाजत होती.

मी भरती करतानाचा छातीचा एक्स-रे काढून बघितला. उजवीकडे खाली तांदळाच्या दाण्याएवढा पांढराशुभ्र तुकडा. आणि फॉर्मवर माझ्याच अक्षरात लिहिलेलं: ब्लाऊजचा हुक.

आमच्याकडे तसं रोजच व्हायचं. एक्स-रेच्या खोलीबाहेर ही रांग. बाईमाणसाला कपडे उतरवायला सांगायचं म्हणजे संकोच. मग हुक, सेफ्टी पिन, ताईत, सगळं फिल्मवर उमटायचं. पांढरं दिसलं की आम्ही डोळे मिटून हुक लिहायचो आणि पुढचा एक्स-रे घ्यायचो. मी फिल्म खाली ठेवली आणि वॉर्डाकडे बघितलं. सोजरबाई खिडकीशी बसून डोक्याला तेल लावत होत्या. अंगात चोळी होती. खणाची, जुन्या पद्धतीची, पुढे गाठ मारलेली.

चोळीला हुक असतो कुठे?

मी त्यांच्या खाटेवर जाऊन बसले. फिल्म उजेडात धरली. “मावशी, हे काय आहे?”

त्यांनी तेलाचे हात पदराला पुसले. फिल्मवर बोट ठेवलं, अगदी नेमकं त्या ठिपक्यावर. आणि त्यांचा चेहरा उजळला.

“हितं बसली व्हय,” त्या हळूच म्हणाल्या. “मी समजत व्हते पार खाली गेली आसंल.”

“काय बसली?”

“चमकी माजी.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. माझ्याकडे न बघता, त्या ठिपक्याकडे बघत. नवरा किसन, गावच्या सोसायटीची जीप चालवायचा. माळेगावच्या जत्रेतून त्याने लाल खड्याची चमकी आणली होती. लग्नाला नऊ वर्षं झाली, मूल नव्हतं, तरी त्याने कधी उणा शब्द काढला नाही. अकरा वर्षांपूर्वी एके दिवशी ज्वारीत पान लागलं, साप चावला, दवाखान्यात नेईपर्यंत गेला. दहाव्याला बायका नदीवर घेऊन गेल्या. बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. आता नाकातली काढणार.

“ती माज्या सासूच्या हातात जानार व्हती. मग मीच आदी काढली आन गालात धरली. म्हनलं, इचारलं तर सांगीन पान्यात पडली. तेवड्यात नणंदेनं गळ्याला मिठी मारली बगा, आन आसा हुंदका आला मला... गेली आत.”

“अहो, मग?”

“मग काय, काळीनिळी झाले खोकून. बायका म्हनल्या, लई जीव व्हता नवऱ्यावर.” त्या हसल्या. “व्हताच की.”

“अकरा वर्षं झाली मावशी! एवढे डॉक्टर बघितले, एकालाही सांगितलं नाही?”

“सांगितलं आसतं तर काढली आसती की.”

बाईने अकरा वर्षं खोकला काढला, क्षयाची इंजेक्शनं टोचून घेतली, आणि तोंड उघडलं नाही. आणि मी शनिवारची एस.टी. दहा मिनिटं उशिरा आली तर रडकुंडीला येणारी.

“मावशी, ती काढायला लागेल. ती आहे तोवर दम जायचा नाही. फुफ्फुस सडायला लागलंय.”

“मला ठावं हाय.” त्यांनी माझ्या मनगटावर तेलकट हात ठेवला. “श्वास पाहिजे का चमकी, आसं नगा इचारू बाई. दोनी द्या.”

अशी ती आन आली. मी खुशाल शपथ घेऊन बसले, कारण मला काझी सरांचं कपाट आठवलंच नाही.

डॉ. काझी म्हणजे आमचे नाक-कान-घशाचे प्रमुख. धातूची सरळ नळी घशातून फुफ्फुसापर्यंत घालायची आणि लांब चिमट्याने अडकलेली वस्तू बाहेर काढायची, यात त्यांचा हात धरणारा चार जिल्ह्यांत नव्हता. त्यांच्या खोलीत काचेचं एक कपाट होतं. नाणी, शेंगदाणे, चिंचोके, शिट्ट्या, कवळीचा दात, माशाचा काटा. आजवर काढलेलं सगळं तिथे मांडलेलं, प्रत्येकाखाली कार्ड. नाव, वय, काय, कुठून, किती दिवस. दोनशे अकरा वस्तू. सरांचा नियम होता की काढलेली वस्तू परत मिळणार नाही. एकदा दया येऊन त्यांनी एका पोराचं नाणं आईच्या हातात दिलं होतं, आणि आठ दिवसांनी तेच पोर तेच नाणं गिळून परत आलं होतं. तेव्हापासून नियम पक्का.

ऑपरेशन पाऊण तास चाललं. पाण्याच्या गोळीने सूज उतरली होती म्हणूनच त्यांना भूल सोसली, हे काझी सर स्वतः म्हणाले, आणि मला प्रबंध मंजूर झाल्यासारखं वाटलं. मग ट्रेमध्ये टण् आवाज झाला. रक्ताच्या गोळ्यात एक काळी, वाकडी काडी. खडा कुठल्या रंगाचा होता तेही कळत नव्हतं.

“अकरा वर्षं!” काझी सर मास्कच्या आडून म्हणाले. “फेब्रुवारीतल्या परिषदेत दाखवतो ही.”

मी त्यांच्या मागे मागे खोलीपर्यंत गेले. “सर, ती त्यांना परत द्यायचीय. मी कबूल केलंय.”

“कोणाला विचारून कबूल केलंत?”

“त्यांची वस्तू आहे, सर.”

“फुफ्फुसात होती तोवर त्यांची. माझ्या चिमट्यात आली की कपाटाची.” त्यांनी चमकी स्पिरिटच्या बाटलीत टाकली. “आणि तिला उपयोग काय? नाकात घालणार आहे का ती?”

“तुम्हाला तरी काय उपयोग आहे, सर? तुम्ही घालणार आहात का?”

निघून गेलं तोंडातून. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “जा तुम्ही आता,” एवढंच म्हणाले. मी पळालेच तिथून.

सोजरबाईंना भुलीतून जाग आली. घसा बसलेला, आवाज फुटत नव्हता. त्यांनी डोळे उघडले, मला बघितलं, आणि तळहात पुढे केला.

“धुवायला दिलीय मावशी,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वजन करायला गेले. तळहात पुढे. “वाळतेय अजून.” तिसऱ्या दिवशी परत तळहात. त्या दिवशी मी नुसता कॅन उचलला आणि निघून आले. रात्री हॉस्टेलात पडल्या पडल्या मला मुकुंदाची आठवण यायची आणि पाठोपाठ ती शपथ आठवायची. मी विज्ञान शिकले होते हो, सगळं कळत होतं. तरी घाटातल्या वळणावर त्याची एस.टी. दिसायची मला.

चौथ्या दिवशी सोजरबाईंना घरी सोडायचं ठरलं. भाऊ न्यायला आला, गाडी दोनची. बाराला मी काझी सरांच्या खोलीशी गेले. सर ओपीडीत होते. शिपाई रामलिंग डबा खायला गेलेला. कपाटाची किल्ली खिळ्याला लटकत होती. चमकी स्पिरिटमधून काढून वरच्या फळीवर, दोनशे बारा नंबरच्या कोऱ्या कार्डावर ठेवलेली. उचलायला एक क्षण पुरला असता. पण रामलिंग रोज खोली बंद करताना वस्तू मोजायचा. एक जरी कमी निघाली असती तर त्याची नोकरी गेली असती. बाजारातून दुसरी आणावी, तर दोनची गाडी चुकणार.

मी समोरच्या बेसिनपाशी गेले आणि नाकातली फिरकी फिरवायला लागले. निघेना. सोजरबाईंच्या सांगण्यावरून मीच तर ती आवळून घेतली होती. साबण लावला. आरशात बघितलं, आणि मुकुंदाचं ते जीभ बाहेर काढून खटपट करणं आठवलं, तशी मी तिथे उभी राहून चक्क रडले. मग चमकी निघाली. ती कोऱ्या कार्डावर ठेवली, काळी उचलली, किल्ली खिळ्याला लावली आणि बाहेर पडले. सरांना वाटेल स्पिरिटने उजळली, असा माझा हिशेब. काय अक्कल होती माझी!

सोजरबाई गाठोडं बांधून बसल्या होत्या. मी मूठ त्यांच्या तळहातावर उघडली. त्यांनी चमकी उजेडात धरली, पदराने घासघासून पुसली. खड्याचा एक कोपरा लाल दिसला.

“हीच,” त्या म्हणाल्या. घसा अजून बसलेला होता. मग त्यांनी ती तोंडाकडे नेली.

“मावशी! गालात नाही हं!”

त्या इतक्या हसल्या की मला वाटलं आता परत खोकला येतो. आला नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा ही बाई हसून झाल्यावर नुसता श्वास घेत होती. त्यांनी नाकातली कडुलिंबाची काडी काढली आणि तिथे ती वाकडी, काळवंडलेली चमकी घातली. भोक तयारच होतं.

“हितं कोन वळखतंय मला,” त्या म्हणाल्या.

वॉर्डापासून हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत लांबलचक व्हरांडा आहे. भाऊ पुढे गाडीच्या चौकशीला गेला होता. सोजरबाई पदर डोक्यावरून घेऊन, मान ताठ करून, एखादी सवाशीण माहेराहून सासरी निघावी तशा चालल्या. मी गाठोडं घेऊन शेजारी. एकदाही थांबल्या नाहीत, धापा टाकल्या नाहीत. फाटकाशी आल्यावर त्यांनी चमकी काढली, पदराच्या टोकाला घट्ट गाठ मारली आणि काडी परत नाकात घातली. मग माझ्याकडे नीट बघितलं.

“तुमची कुटं गेली?”

“ढिली होती ना. धुवायला काढलीय.”

त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. काय कळलं, किती कळलं, देव जाणे. गाडी आली आणि त्या गेल्या. त्यानंतर आमची भेट नाही.

दुसऱ्या दिवशी मी बाजारातून दुसरी चमकी घेतली. ती कपाटात ठेवायची आणि माझी काढून आणायची. खोलीत डोकावले, तर किल्ली खिळ्यावर नव्हती. “सरांनी आपल्या जुडग्यात घातली,” रामलिंग म्हणाला. “काय झालं कुणास ठाऊक, पंधरा वर्षांत पहिल्यांदा.” संध्याकाळी व्हरांड्यात काझी सर समोरून आले. माझ्या मोकळ्या नाकाकडे बघत क्षणभर थांबले.

“काडी घालून ठेवा,” म्हणाले. “लवकर बुजतं ते.” आणि निघून गेले.

परिषदेत त्यांनी काय दाखवलं, मला माहीत नाही. चमकीवर त्यांचा लेख कधी आला नाही एवढं मात्र खरं. मला तेव्हा पकडले गेले नाही याचाच आनंद. त्यांच्यासमोर जाऊन मागायचं धाडस कुठून आणणार? शिवाय दोन महिन्यांत प्रबंध संपला आणि मी लातूरला गेले.

सोजरबाई गेल्या त्याच आठवड्यातल्या शनिवारी मुकुंद आला. सॅक खाली ठेवायच्या आधी म्हणाला, “वैजू, नाक?”

“बेसिनमध्ये पडली रे.”

मला वाटलं, चिडेल. तो बाह्या सरसावून उठला. वॉचमनकडून पाना आणला आणि हॉस्टेलच्या बेसिनखाली आडवा झाला. “वाहून जायची नाही गं. जड वस्तू तळाशी बसते,” खालून फिजिक्स चालू. दीड दिवसाच्या आमच्या संसारातले दोन तास त्याने त्या पाइपाशी घालवले. केसांचा गुंता निघाला, दोन बटणं निघाली, एक आकडा निघाला. कोपरापर्यंत काळा झालेला हात घेऊन तो बाहेर आला आणि ओशाळून म्हणाला, “नाही सापडली गं.” तेव्हा सांगायला हवं होतं. पण त्याला न विचारता त्याचीच शपथ घेतली होती, हे कसं सांगू? म्हटलं, पुढच्या शनिवारी सांगते. असे किती शनिवार गेले. त्याने दुसरी चमकी आणली, सोन्याच्या घडणीची, चांगली भारी. ती मी आजतागायत घालते. पण मधूनच तो म्हणायचा, “ती पहिली तुला फार शोभायची.”

चार वर्षांपूर्वी मुकुंदाचं हृदय थकलं. पाय सुजले, तशाच पाण्याच्या गोळ्या सुरू झाल्या. रोज सकाळी मी घोट्याला टेप लावायचे, माप घेऊन बसायचे. “मूतमास्तरीणबाई, आज पास का नापास?” तो विचारायचा. एक दिवस मी वाकलेली असताना त्याने माझ्या नाकाला बोट लावलं.

“ती पहिली कुठे गेली असेल गं?”

माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. “पाइपातच असेल अजून,” मी म्हटलं.

“छे. मी बघितलं होतं नीट,” तो म्हणाला, आणि डोळे मिटले. पुढच्या आठवड्यात तो गेला.

माझ्या नाकातली कोणी काढली नाही. काळ बदललाय. मुलगी म्हणाली, आई, घाल तू बिनधास्त. घालतेच आहे. पण मला ती भारी चमकी नको असते हो, मला ती अर्धा तास लागलेली हवी असते. सकाळी आरशासमोर उभी राहिले की वेलदोड्याचा वास येतो, आणि मग दिवसभर काही सुचत नाही.

यंदाच्या जानेवारीत मी एस.टी.त बसले आणि त्या हॉस्पिटलात गेले. व्हरांडा तोच. काझी सर जाऊन बरीच वर्षं झालेली. त्यांच्या खोलीत आता चुणचुणीत तरुण डॉक्टर आहे, तस्नीम नावाची. मी जुनी विद्यार्थिनी म्हटल्यावर तिने चहा मागवला आणि स्वतःच कपाट दाखवायला उठली.

“यातल्या बऱ्याच गोष्टींची माहिती आहे, मॅडम. पण या एका चमकीची नाही. समोर कार्डावर नुसता नंबर आहे, दोनशे बारा.”

पांढरा खडा. छत्तीस वर्षांनीही तेवढाच पांढरा. मी कपाटाची कड धरली.

“कार्डाच्या मागे काही असेल का?” मी विचारलं.

तिने काच सरकवली, चमकी बाजूला ठेवून कार्ड उलटं केलं. काझी सरांचं बारीक, तिरकं अक्षर. ती मोठ्याने वाचायला लागली.

“चमकी, पांढरा खडा. शरीरातून काढलेली नाही. मालकीण एक दिवस मागायला येईल. नियम बाजूला ठेवून परत द्यावी.” तिने मान वर केली. “आँ? मॅडम, कोण असेल हो ही मालकीण?”

सोजरबाईंनी दारात तीनदा विचारून घेतलं होतं. मी छत्तीस वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. सरांकडे मागितली नाही, मुकुंदाला तर सांगितलंही नाही.

मी नुसता तळहात पुढे केला.